आखातातून परतलेला माणूस

व्याख्यानाला सुरुवात करण्यापूर्वी आम्ही श्रोत्यांना एक विनंती केली. ज्यांच्या घरातले कोणी ना कोणी दुबई, मस्कत, कुवेत, दोहा किंवा सौदीत नोकरीला आहे किंवा पूर्वी होते, त्यांनी हात वर करावेत. निम्म्याहून अधिक हात वर झाले. मग म्हटले, जे स्वतः तिकडची नोकरी संपवून कायमचे घरी आले आहेत त्यांनी हात वर करावेत. पाचसहा हात वर आले, तेही खांद्यापर्यंतच. हे जे खांद्यापर्यंत आलेले हात आहेत, त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे. जाणाऱ्याला पोचवायला दोन गाड्या भरून माणसे विमानतळावर जातात. कायमच्या येणाऱ्याला आणायला बहुधा धाकटा मुलगा एकटाच जातो.

परमुलुखातल्या पैशावर चूल पेटवणे कोकणाला नवे नाही. पूर्वी मुंबईच्या गिरणीतून आणि आगबोटीवरून मनीऑर्डर येई. १९७३ साली तेलाच्या किमती चौपट झाल्या, आखाती देशांत रस्ते, बंदरे, इमारती यांची कामे निघाली आणि आपल्याकडचा गवंडी, फिटर, वेल्डर, सुतार, ड्रायव्हर तिकडे निघाला. त्याला आता पन्नास वर्षे झाली. पहिल्या फळीतले लोक वारले, दुसऱ्या फळीतले आज साठीच्या आसपास आहेत. पन्नास वर्षांत आपण तिकडे माणसे पाठवण्याची यंत्रणा उभी केली. १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे, परवानाधारक एजंट आहेत, संगणकावर नोंदणी आहे. माणूस परत येण्याची यंत्रणा मात्र जवळजवळ नाही.

'निवृत्त' हा शब्दच तपासून पाहा. सरकारी नोकर निवृत्त होतो तेव्हा नारळ, शाल, फोटो आणि पुढच्या महिन्यापासून निवृत्तिवेतन असा क्रम असतो. आखातातला परदेशी कामगार निवृत्त होत नाही, त्याचा परवाना संपतो. तिकडे राहण्याचा हक्क नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की ठराविक मुदतीत देश सोडायचा, मग तिथे चाळीस वर्षे काढलेली असोत. अमिरातीत निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा निघाला आहे हे खरे. पण त्याला पंचावन्न वर्षे वय आणि त्याबरोबर दहा लाख दिरहमांची बचत किंवा मालमत्ता, नाहीतर दरमहा काही हजार दिरहमांचे उत्पन्न लागते. तो व्हिसा वेल्डरसाठी काढलेला नाही. कुवेतने २०२१ साली साठी उलटलेल्या आणि पदवी नसलेल्या परदेशी माणसांचे परवाने नवे करून देणे थांबवले. पुढे २०२२ मध्ये २५० दिनार फी आणि वर विम्याचा खर्च घेऊन ते पुन्हा सुरू केले. म्हणजे म्हातारपण हा तिथे एक दंड ठरला. तिथल्या नागरिकांना निवृत्तिवेतन आहे आणि चांगले आहे. परदेशी कामगार त्या योजनेबाहेर आहे.

मग त्याच्या हाती काय पडते? आमच्या कचेरीत लोक त्याला 'हिशेब' म्हणतात. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला एकवीस दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला तीस दिवसांचा मूळ पगार मिळतो. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून अधिक होऊ शकत नाही. यातला 'मूळ' हा शब्द लक्षात ठेवावा. समजा, एका माणसाला महिना दोन हजार दिरहम मिळतात, पण करारात मूळ पगार बाराशे आणि बाकीचे जागा, प्रवास, जेवण या नावांखाली लिहिले आहेत. वीस वर्षांची नोकरी झाली. दिवसाचे चाळीस दिरहम धरून पहिल्या पाच वर्षांचे ४,२०० होतात, पुढच्या पंधरांचे १८,०००, एकूण २२,२००. दिरहमला चोवीस रुपये धरले तरी सव्वापाच लाखांच्या थोडे वर. वीस वर्षांच्या आयुष्याचा हा हिशेब. मूळ पगार दोन हजार लिहिला असता तर तो ३७,००० दिरहमांवर गेला असता. जाताना करारावर सही करण्याच्या गडबडीत हा फरक कोणी वाचत नाही.

सौदी अरेबियात पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्धा महिना आणि पुढे वर्षाला एक महिना असे प्रमाण आहे. तिथे आणखी एक मेख आहे. कामगाराने स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश, आणि दहा वर्षे पुरी झाली तरच पूर्ण रक्कम. आई आजारी पडली म्हणून नवव्या वर्षी राजीनामा देऊन धावत आलेले लोक आम्ही पाहिले आहेत. एक वर्ष आणखी काढले असते तर, असे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो. आईचे आजारपण सौदीचा कायदा वाचून येत नाही. अमिरातीतली राजीनाम्याची कपात २०२२ पासून गेली. बहारीनने २०२४ पासून ही रक्कम मालकाकडून दरमहा सरकारी निधीत जमा करून घेण्यास सुरुवात केली, त्यामुळे कंपनी बुडाली तरी पैसे बुडत नाहीत. ही सुधारणा आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. बहारीनमध्ये कामगार संघटनांना कायद्याने जागा आहे, अमिरातीत आणि सौदीत ती नाही. हा योगायोग आहे की काय, ते श्रोत्यांनी ठरवावे. आम्ही या धंद्यातले असल्यामुळे आमचे मत विचारू नये.

पैशाचा हिशेब निदान कागदावर मांडता येतो. शरीराचा हिशेब कोणी मांडत नाही, आणि आजच्या विषयाचा गाभा तो आहे.

आखातात जायचे तर आधी मेडिकल लागते. ठरवून दिलेल्या केंद्रात जाऊन छातीचा फोटो, रक्त, लघवी, कावीळ, एच.आय.व्ही. असे सर्व तपासून घ्यावे लागते. फोटोत जुन्या क्षयाचा नुसता वण दिसला तरी माणूस 'अनफिट' ठरतो, मग तो क्षय लहानपणी होऊन पूर्ण बरा झालेला का असेना. म्हणजे आपण तिकडे निवडक, धडधाकट, तरणीताठी शरीरे पाठवतो. पंचवीस वर्षांनी तेच शरीर परत येते तेव्हा त्याची तपासणी कोणी करत नाही. विमानतळावर सामान तपासतात. कारखान्यात यंत्र भाड्याने आणले तर नेताना आणि परत करताना दोन्ही वेळा त्याची पाहणी होते, झीज किती झाली ती लिहून घेतात. माणसाच्या बाबतीत झीज लिहून घेण्याची पद्धत नाही.

ही झीज कुठे होते? सर्वांत आधी उन्हाविषयी बोलू. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास बंदी आहे. कतारने २०२१ पासून ती १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी वाढवली आणि ऊन, दमटपणा, वारा यांचा एकत्र निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबवावे असा नियम केला. नियम चांगले आहेत. पण मे महिना त्यांच्याबाहेर आहे, आणि दमट हवेत घाम वाळत नाही तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असले तरी शरीर तापतेच. घामावाटे पाणी जाते, रक्त घट्ट होते, मूत्रपिंडाला रक्ताचा पुरवठा कमी पडतो. एक दिवस असे झाले तर रात्री पाणी पिऊन भरून निघते. वर्षानुवर्षे रोज झाले तर मूत्रपिंडाच्या आतल्या बारीक नळ्या हळूहळू निकामी होतात. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत, ऊसतोडणी करणाऱ्या तरुण मजुरांत मधुमेह नसताना मूत्रपिंडे जातात, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वैद्यांच्या लक्षात आले. नेपाळातले मूत्रपिंडाचे डॉक्टर आखातातून आणि मलेशियातून परतलेल्या तिशी-चाळिशीच्या रुग्णांविषयी असेच सांगत आहेत. नेमके कारण एकच की अनेक मिळून, यावर संशोधन चालू आहे. पण ऊन, अपुरे पाणी आणि अपुरी विश्रांती हे त्यातले मुख्य संशयित आहेत.

यात भर पडते ती वेदनाशामक गोळ्यांची. परांचीवर दिवसभर वाकून काम केल्यावर कंबर धरते. रजा घेतली तर पगार कापला जातो. मग माणूस गोळी घेतो, डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, जे हाताला लागेल ते. आठवड्यातून एकदा घेतली तर बिघडत नाही. रोज, तीही शरीरात पाणी कमी असताना घेतली, तर ती थेट मूत्रपिंडावर घाव घालते. आणि मूत्रपिंड हा मुका अवयव आहे. निम्म्याहून अधिक काम बंद पडले तरी तो तक्रार करत नाही. पाय सुजतात, भूक जाते, तोंडाला चव राहत नाही, तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

दुसरी झीज साखरेची आणि रक्तदाबाची. कॅम्पमधल्या खोलीत सहा-आठ जण, एकावर एक खाटा, चार वाजता उठून बसमध्ये बसायचे, रात्री नऊला जेवायचे. जेवणात भाताचा डोंगर, दिवसाला साखरेचा सात-आठ कप चहा, शुक्रवारी बिर्याणी. घरचे कोणी शेजारी नाही, कारण बायको न्यायची तर अमिरातीत चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहण्याची जागा, एवढे हवे. मधुमेह होतो, तो कळतो तिथल्याच दवाखान्यात. मालकाच्या विम्यावर गोळ्या मिळतात म्हणून माणूस निर्धास्त राहतो. परत येताना तीन महिन्यांच्या गोळ्या बॅगेत असतात. त्या संपल्यावर काय, याचा विचार बॅगेत नसतो.

मूत्रपिंडे निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे मधुमेह आणि रक्तदाब हीच आहेत. उन्हाने अर्धी झालेली मूत्रपिंडे आणि त्यावर साखर, हे दोन चोर एकाच घरात शिरल्यासारखे आहे.

म्हणून आमच्या कचेरीत परतलेला कोणीही आला की पासबुकाआधी आम्ही चार तपासण्यांविषयी विचारतो. रक्तातले क्रिएटिनिन, लघवीतले अल्ब्युमिन, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एच.बी.ए.वन.सी., आणि रक्तदाब. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदा आणि पायांचे तळवेही तपासून घ्यावेत. वर्कशॉपात काम केलेल्यांनी कानही दाखवावेत. घरची मंडळी 'बाबा हल्ली ऐकून न ऐकल्यासारखे करतात' म्हणतात, ते दर वेळी स्वभावाने नसते. खर्च फार नाही, सरकारी रुग्णालयात तर नाममात्र. आम्ही डॉक्टर नाही, आमचे शिक्षणही बेताचे. पण रिपोर्टावरचे आकडे वाचायला आम्ही पगारपत्रक वाचता वाचता शिकलो. दोन्हीत कपात कुठे झाली एवढेच पाहायचे असते.

आता विम्याकडे येऊ. हा भाग रुक्ष आहे, पण यात सर्वांत जास्त माणसे फसतात. तिकडचा आरोग्यविमा मालकाचा असतो, तो व्हिसाबरोबर संपतो. इकडे येऊन अठ्ठावन्नाव्या वर्षी नवा विमा काढायला गेले की कंपनी विचारते, आधीपासून काही आजार आहे का? आहे म्हटले तर त्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लावते. पूर्वी तो चार वर्षांपर्यंत असे. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षे केला आहे. त्याच वर्षी पासष्टीनंतर नवा विमा न देण्याची वयाची अटही उठवली. म्हणजे उपाय सरळ आहे: परत येण्याच्या तीन वर्षे आधी, तिकडे पगार चालू असतानाच, इथला विमा काढून ठेवायचा. घरी पाऊल टाकेपर्यंत प्रतीक्षाकाळ संपलेला असतो. आणि आजार लपवू नये. एजंट म्हणतो, 'शुगर लिहू नका काका, हप्ता वाढेल.' हप्ता काकांचा वाढतो, कमिशन एजंटाचे बुडते. पण दावा नाकारला जातो तेव्हा एजंटाचा फोन लागत नाही. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली की माहिती दडवल्याचे कारण सांगून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फक्त लबाडी सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

सरकारी योजनाही आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. सत्तरी पुरी झालेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे. मात्र एक गंमत होते. पंचवीस वर्षे बाहेर असलेल्या माणसाचे नाव शिधापत्रिकेवरून कधीच कमी झालेले असते. घर त्याच्या पैशाने बांधलेले, वीजबिल त्याच्या नावाचे, आणि शिधापत्रिकेप्रमाणे तो त्या घरात राहतच नाही. तेव्हा परतल्यावर पहिल्या महिन्यात तहसील कचेरीत जाऊन नाव चढवून घ्यावे, आधारचा पत्ता दुरुस्त करावा. बँकेलाही कळवावे. अनिवासी खाते परतल्यानंतर निवासी करून घ्यावे लागते. त्यावरच्या व्याजाची करमाफी अनिवासी असेपर्यंतच असते. पुष्कळ जण गप्प राहतात आणि पुढे नोटीस आली की आमच्याकडे येतात.

निवृत्तिवेतनाचे म्हणाल तर केंद्र सरकारने २०१२ साली महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना काढली होती. कामगाराने थोडे घालायचे, सरकारने थोडे. लोकांपर्यंत ती पोचलीच नाही आणि २०१७ साली बंद झाली. केरळने २००८ च्या कायद्याने प्रवासी कल्याण निधी काढला. तिथे वर्गणी भरलेल्या कामगाराला साठीनंतर दरमहा निवृत्तिवेतन मिळते. बेल्जियम, जर्मनी, जपान अशा देशांशी भारताने सामाजिक सुरक्षेचे करार केले, पण आपली लाखो माणसे जिथे आहेत तिथल्यासाठी आपण केरळकडे पाहावे लागते. महाराष्ट्रात असा निधी व्हावा म्हणून आम्ही निवेदने दिली आहेत. निवेदनाची पोच मिळते.

घरातल्या आयुष्याविषयी थोडे बोलतो, कारण तोही आरोग्याचाच भाग आहे. सव्वीस वर्षे नोकरी, दोन वर्षांनी दोन महिने रजा. तेरा रजांचे सव्वीस महिने. म्हणजे सव्वीस वर्षांच्या संसारात नवराबायको एका छपराखाली दोन वर्षे दोन महिने राहिली. या काळात तिने घर बांधून घेतले, गवंड्याशी भांडली, मुलांच्या शाळा पाहिल्या, सासूचे शेवटचे आजारपण काढले, बँकेत सह्या केल्या. आता हा येतो आणि पहिल्याच आठवड्यात विचारतो, एवढे दूध कशाला घेता? त्याला मीठ कोणत्या डब्यात आहे ते ठाऊक नसते, पण घर चालवायचे असते. मुलांना तो रजेवरचा माणूस म्हणून ठाऊक. रजेवरचा माणूस चॉकलेटे आणतो, रागावत नाही आणि ठरल्या दिवशी परत जातो. हा परत जात नाही. रात्री झोप लागत नाही, कारण शरीर अजून चारच्या बसची वाट पाहते. नाक्यावर त्याला 'दुबईवाले' म्हणतात आणि हातउसने मागतात. नाही म्हणणे त्याला जमत नाही, कारण पंचवीस वर्षे तो देणारा होता. दोन वर्षांत 'हिशेब' संपतो. काही जण मग पुन्हा एजंटाकडे जातात, आणि तिथे पुन्हा मेडिकल असते.

कुवेतवर १९९० साली हल्ला झाला तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले ते लोक. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आयोगामार्फत त्यांतल्या पुष्कळांना भरपाई मिळाली, पण ती ज्यांनी पगाराच्या चिठ्ठ्या, करार, इकामाची प्रत सांभाळली त्यांना सोपी गेली. म्हणून परतणाऱ्याला आमचे सांगणे असते, की सोन्याआधी कागद बॅगेत भर. नोकरीचा दाखला, शेवटचे पगारपत्रक, हिशेबाचा कागद, आणि तिकडच्या दवाखान्याची पूर्ण फाईल. ती मागितली तर मिळते. मागायची असते एवढेच कोणाला माहीत नसते.

दोन वर्षांपूर्वी एक वेल्डर आमच्याकडे आले. अठ्ठावीस वर्षे जहाजदुरुस्तीच्या गोदीत काढलेली, बोलणे कमी. आले होते कंपनीने अडकवलेल्या तीन महिन्यांच्या पगारासाठी. बरोबर त्यांच्या मंडळी होत्या आणि त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डबा उघडला तर आत गोळ्यांची रिकामी पाकिटे, कंबरेच्या गोळ्यांची. 'हे रोज दोन घेतात,' त्या म्हणाल्या. 'पगाराचं बघा, पण आधी हे बघा.' क्रिएटिनिन निघाले १.९. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, रक्तदाबाचे औषध सुरू केले, मीठ कमी करायला सांगितले, मालिश आणि व्यायाम दिला. अडकलेल्या पगारापैकी दोन महिन्यांचा मिळाला, तिसऱ्याचा नाही. परवाच्या तपासणीत आकडा १.९ वरच आहे. डॉक्टर म्हणाले, तिथेच राहिला हेच मिळवले. ते आता मंगळवारी आमच्या कचेरीत येऊन बसतात. अठ्ठावीस वर्षांत त्यांना अरबी वाचता येऊ लागले होते, हे त्यांच्या मंडळींनाही ठाऊक नव्हते. जाणारी पोरे करार घेऊन आली की ते चष्मा लावून मूळ पगाराच्या रकान्यावर बोट ठेवतात.